खेळ, सेवा आणि मुक्काम

दहा-पंधरा तरुण मुलामुलींचा गट. अंगात एका रंगाचे टी-शर्ट, सोबत चर्चचा पाळक किंवा युवक संघाचा एखादा जाणता माणूस, सामानात फुटबॉल, व्हॉलीबॉल, नेट, पंप, रंगाचे डबे आणि ब्रश. मुक्काम आठवडाभराचा, फार तर दोन आठवड्यांचा. सकाळी शाळेच्या भिंतीला रंग द्यायचा, नळकोंडाळ्याभोवतीचा चिखल उपसायचा. ऊन उतरले की गावातल्या मुलांचे संघ पाडून सामने लावायचे. रात्री गाणी, साक्ष आणि प्रार्थना. परदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून असे गट दर सुट्टीत निघतात. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांचे तरुणही मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा घ्यायला दुसऱ्या गावी जातात, तेव्हा कार्यक्रमाची वीण साधारण अशीच असते.

हा साचा अलीकडचा वाटतो. पण मैदान, सेवा आणि थोड्या दिवसांची फेरी हे त्याचे तीन धागे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावी कातले गेले. त्यातले बरेचसे महाराष्ट्रातून गेले आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात नाही.

हा माग ओझरवरून काढण्याला कारण आहे. निफाड तालुक्यातले, बाणगंगेकाठचे हे गाव नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाची ओळख ‘ओझर मिग’ अशी झाली. रशियन तंत्रज्ञ आले, देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले, वसाहत वसली. एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला धावपट्टी. बाहेरून येणारा आणि गावात राहणारा यांचे नाते काय असावे, हा प्रश्न अशा गावाला रोजचा असतो. खेळ आणि सेवा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचा बरा-वाईट हिशेबही शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतो.

सुरुवात ओझरशेजारच्या नाशिकपासून करू. तिथे चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ साली सुरू झाले. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. आज नाशिककर ‘शरणपूर रोड’ रोज शंभरदा म्हणतात, तो हाच. वसाहतीत शाळा होती, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे आणून ठेवली होती. त्यांच्यापैकी काही जण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत परतले. जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. ते घेऊन तो थेट लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर राहिला. शरणपूरची सेवा अशी होती: वर्षानुवर्षांची, हातात कसब देणारी. प्राइस यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे इथे घालवली. आठवड्याच्या भेटीची कल्पना त्या पिढीला सुचणेही अवघड होते, कारण विलायतेहून इथवर यायलाच आठवडेच्या आठवडे लागत. मिशनच्या कामात मैदानालाही अजून जागा मिळाली नव्हती.

ती मिळाली इंग्लंडमधल्या शाळांतून. रग्बीच्या शाळेत टॉमस अरनॉल्ड यांच्या हाताखाली शिकलेल्या टॉमस ह्यूज यांनी १८५७ मध्ये ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी लिहिली. सशक्त शरीर हे देवाने दिलेले साधन आहे, ते कमावावे आणि दुबळ्यांच्या कामी लावावे, हा विचार ह्यूज आणि चार्ल्स किंग्जली यांच्या लेखनातून घराघरात गेला. ह्यूज लिहून थांबले नाहीत. लंडनमध्ये १८५४ साली निघालेल्या वर्किंग मेन्स कॉलेजात ते कामगारांना मुष्टियुद्ध शिकवत. खेळ आणि सेवा यांची गाठ पडली ती इथे. या विचारात साम्राज्याचा ताठा होता, हेही खरे. राज्य करायला दणकट पोरे हवीत, हा हिशेब त्यात मिसळलेला होता. पुढच्या सगळ्या इतिहासात चांगुलपणा आणि ताठा असे हातात हात घालून चाललेले दिसतात.

काश्मीरमध्ये ते फार जवळून पाहायला मिळतात. केंब्रिजच्या बोटशर्यतीत सुकाणू धरलेले सेसिल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. संस्था तीच, नाशिकला शरणपूर वसवणारी. १८९१ मध्ये त्यांनी कातडी फुटबॉल आणला. शाळेतली बहुतेक मुले पंडितांच्या घरची, अंगात पायघोळ फेरन, पायांत खडावा. चामड्याला हात लावणे म्हणजे विटाळ. मुले खेळेनात, तेव्हा शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांना मैदानात हाकलले गेले. खेळता खेळता चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला आणि विटाळ झाला म्हणून तो रडू लागला. त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट बिस्को यांचे चाहते कौतुकाने सांगत आले आहेत. ती वाचताना त्या मुलाची बाजू माझ्या मनातून जात नाही. पण तेच बिस्को पुढे त्याच मुलांना घेऊन पटकीच्या साथीत शहरातल्या गल्ल्या साफ करायला उतरले, आग लागली की धावून गेले, झेलमला पूर आला की होड्या काढून माणसे वाचवू लागले. पोहणे आणि वल्हवणे हे शाळेतले खेळ पुरात लोकांच्या उपयोगी पडले. खेळातून सेवा हा आजच्या फेऱ्यांचा आशय इथे पुरता तयार झालेला दिसतो, आणि त्यातला धोकाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करण्याची वाट फार सोपी असते.

त्याच सुमारास दक्षिणेला गोव्यात चेंडू वेगळ्या रीतीने आला. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स प्रकृती सुधारावी म्हणून शिवोलीला आले. आले होते विश्रांतीसाठी, पण तिथे त्यांनी शाळा काढली आणि मुलांना फुटबॉल शिकवला. ती शाळा पुढे हडफड्याला गेली. गोव्याचा फुटबॉल आपला उगम तिथेच सांगतो. पाहुणा थोड्या दिवसांसाठी आला तरी काहीतरी रुजू शकते, याचे हे उदाहरण. मात्र ते रुजले शाळेमुळे, पाहुणा काही काळ टिकून राहिला म्हणून.

तरुणांनी गटाने मिशनला निघावे, ही लाट अमेरिकेत उठली ती कोल्हापुरात जन्मलेल्या माणसामुळे. रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापूरला मिशनचे काम सुरू केले होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये तिथेच जन्मला. शिकायला तो अमेरिकेत गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. रॉबर्टने तिथे एकेकाला गाठून परदेशी सेवेची गोष्ट लावून धरली आणि शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी नावे दिली. त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. शिबिर महिन्याभराचेही नव्हते, पण नाव देणाऱ्याची प्रतिज्ञा जन्माची होती. आजच्या आठवडाभराच्या फेरीची ही पणजी. तिच्याकडून उत्साह आणि शिबिराची रीत वारशाने आली, मुदत मात्र आली नाही.

त्या शंभरांत जॉन मॉट होते. पुढे ते वायएमसीएचे जगभरातले पुढारी झाले आणि १९४६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. वायएमसीए ही १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी सुरू केलेली तरुणांची संघटना. तिचे सेवक तयार करणारे विद्यालय मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्डला होते. १८९१ च्या हिवाळ्यात तिथले शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे अठरा विद्यार्थ्यांचा एक कंटाळलेला वर्ग होता. बाहेर बर्फ, आत कवायत नकोशी झालेली. धर्मशास्त्र शिकलेल्या नेस्मिथ यांना आडदांडपणाला वाव नसलेला खेळ हवा होता. त्यांनी शाळेच्या शिपायाकडे खोकी मागितली; खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम कागदावर उतरवले आणि नऊ-नऊचे दोन संघ केले. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला आणि चेंडू टोपलीतून वर जाऊन काढावा लागला. टोपली उंचावर ठेवण्यामागे हेतू होता: तिथे चेंडू जोराने फेकून भागत नाही, हलक्या हाताने सोडावा लागतो. चार वर्षांनी जवळच्याच होल्योक गावी वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी वयस्क मंडळींना झेपेल असा दुसरा खेळ काढला, मध्ये जाळी लावून, अंगाला अंग न भिडवता. तो व्हॉलीबॉल.

जगभर खेळले जाणारे हे दोन खेळ मिशनच्या आवारात, धक्काबुक्की टाळायच्या विचारातून जन्मले. त्यांना जागा थोडी लागते, सामान थोडे लागते आणि नियम तासाभरात शिकवता येतात. म्हणून ते वायएमसीएच्या सेवकांच्या पेटीतून देशोदेशी गेले, आणि म्हणूनच आजही प्रवासी गटांच्या सामानात नेट आणि चेंडू आधी भरले जातात.

भारतात वायएमसीएचे पहिले शारीरिक शिक्षण संचालक डॉ. जॉन हेन्री ग्रे १९०८ मध्ये कलकत्त्याला आले. हॅरी क्रो बक १९१९ मध्ये मद्रासला आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने इथलेच प्रशिक्षक घडवायचे, हा त्याचा हेतू. इकडे महाराष्ट्रातले लोक हात बांधून बसले नव्हते. तालमी आणि आखाडे होतेच. १९०६ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखाना निघाला, १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार यांच्यासारखे खेळाडू गेले. पुढची बांधणी करताना दोराबजींना वायएमसीएचे डॉ. ए. जी. नोहरेन यांची मदत झाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय चमूचे व्यवस्थापक बक होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष दोराबजी आणि सचिव नोहरेन. देशी जिमखाना, पारशी उद्योगपती आणि अमेरिकी मिशनचा माणूस अशा तिघांच्या हातांनी ते घडले.

सेवेचा धागा त्याच काळात मुंबईत नागपाड्याला विणला जात होता. मराठी मुलखात १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये दाखल झाले. शिकागोत शिकलेल्या मॅनशार्ट यांनी नागपाड्यात नेबरहूड हाउस सुरू केले. दाट वस्ती, गिरणी-गोदीचे कामगार, मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती सगळे शेजारी. वस्तीत राहून वस्तीची गरज ओळखायची आणि कुणाचाही धर्म न विचारता काम करायचे, असा त्यांचा रिवाज. या अनुभवातून त्यांना जाणवले की सेवेला सदिच्छा पुरत नाही, शिक्षण लागते. दोराबजी टाटांच्या नावाच्या न्यासाने पैसा दिला आणि १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. म्हणजे देशाची ऑलिंपिक संघटना आणि देशातली समाजकार्याची पहिली शाळा, या दोन्हींच्या मुळाशी एकाच घराण्याचा पैसा आणि मिशनमधून आलेली माणसे आहेत. नागपाड्यात बास्केटबॉलही रुजला. याच वस्तीतला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. मिशनच्या पेटीतून आलेला खेळ एका मुसलमान मोहल्ल्याचा अभिमान झाला, आणि कुणाचा धर्म त्यासाठी बदलावा लागला नाही.

खेड्यांनी तर पाहुण्या खेळाला आपल्या मापाने बेतून घेतले. व्हॉलीबॉलची जाळी तीच, पण आपल्या गावांत त्याचा शूटिंगबॉल झाला. हलक्या बोटांनी चेंडू उचलून देण्याऐवजी दोन्ही हातांनी तो दाणदिशी ठोसायचा, जाळीवरच्या गड्याने तो अडवायचा. शेतातून परतलेली माणसे धोतर-लेंगा खोचून खेळायला उतरत. चुन्याच्या रेघा, दोन बांबू, एक जाळी, आणि यात्रेच्या दिवसांत तालुक्यातले संघ. होल्योकच्या मॉर्गनना हा खेळ कदाचित ओळखू आला नसता. या सगळ्या वाटचालीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गावाने मोडतोड करून पुन्हा जुळवले की दान संपते आणि मालकी सुरू होते.

राहिला तिसरा धागा, थोड्या दिवसांचा. त्याचे एक मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये आहे. १९२० मध्ये स्विस शांततावादी पियर सेरेसोल यांनी व्हर्डनजवळच्या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले आणि घरे बांधायला घेतली. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही आले आणि गावे पुन्हा वसवायच्या कामाला लागले. आपल्याकडे १९४१ पासून एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ, गाणी, कवायत आणि श्रमदान एकत्र आले. बाबा आमट्यांनी विदर्भातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली आणि पुढे तिचे शिबिर महाविद्यालयांच्या वेळापत्रकात बसले. दत्तक गाव, प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी मैदानावर खेळ, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम: महाराष्ट्रातल्या लाखो पदवीधरांनी हे दिवस अनुभवले आहेत. ख्रिस्ती तरुणांची फेरी आणि सेवा योजनेचे शिबिर दुरून एकसारखी दिसतात, ती एकाच कुळातली चुलत भावंडे असल्यामुळे.

ख्रिस्ती शाखेत मुदत कमी झाली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजकुमार दोन मित्रांसह सुट्टीत मेक्सिकोला गेला. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही संस्था वाढली आणि साठच्या दशकात भारतातही पोहोचली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांसाठी यूथ विथ अ मिशन काढली. १९५४ मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती खेळाडूंची संघटना निघाली, १९६६ मध्ये सामने खेळत फिरणारे ख्रिस्ती संघ निघाले. जेट विमानांनी अंतर तासांवर आणले, कॉलेजच्या सुट्टीत समुद्रापार जाऊन येणे शक्य झाले. जन्माची प्रतिज्ञा मागे पडली आणि उन्हाळ्याची फेरी आली.

मुदत कमी झाली तशा शंका वाढल्या, आणि त्या निराधार नाहीत. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी नेमली. १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने, मदत यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा कडक ठपका होता. त्यावर ख्रिस्ती संस्थांनी तीव्र आक्षेप घेतले, वाद आजही संपलेला नाही. परदेशी नागरिकाला पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही, हा नियम मात्र स्पष्ट आहे. तो पाळून आलेल्या गटाने सुद्धा स्वतःला एक प्रश्न विचारावा: खेळायला येणाऱ्या मुलाला रात्रीच्या प्रार्थनेला बसावेच लागते का? बसावे लागत असेल, तर चेंडू हे आमिष ठरते.

या शंकेला ख्रिस्ती समाजातूनच एक थोर उत्तर शतकापूर्वी आले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये वीसेक वर्षे राबले. पण भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्यांच्या पगारावर, परक्यांच्या हुकमाने धर्म जगावा, हे त्यांना मानवले नाही. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा स्वतंत्र बंधुसंघ मांडला. दोनच वर्षांत ते गेले, तरी त्यांची मागणी आजही लागू आहे: घर आमचे असू दे, येणाऱ्याने पाहुणा म्हणून यावे.

आणि घर आपले असले की सेवा कशी दिसते, हे ओझरने दाखवले आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचे शेवटचे टोक ओझरच्या शिवारात. टोकाला पाणी पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पाळी ठरवायची, पट्टी स्वतः गोळा करायची, चारी स्वतः दुरुस्त करायची. पुढे सगळ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या आणि प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आला. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, तेव्हा वाघाडचा अनुभव सगळ्यांपुढे होता. हे काम बैठकांचे, भांडणांचे, समजुतींचे आणि वर्षानुवर्षांचे. आठवड्याच्या शिबिरात ते होणार नव्हते.

मग आठवड्याच्या फेऱ्या बंद कराव्यात का? तसे मला मुळीच वाटत नाही. विशीतल्या मुलाने परक्या गावात झोपून उठावे, तिथल्या मुलांसोबत घाम गाळावा, त्यांच्या घरची भाकरी खावी, याने त्याचे स्वतःचे फार भले होते. त्याने ते भले आपले म्हणून कबूल करावे, गावावर उपकार म्हणून मांडू नये. आणि फेरी आखताना या दोनशे वर्षांनी शिकवलेले लक्षात ठेवावे. जे टिकले ते शरणपूरच्या कार्यशाळेत, हडफड्याच्या शाळेत, मद्रासच्या महाविद्यालयात, नागपाड्याच्या वस्तीत टिकले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी राहायला आले होते किंवा तिथल्याच कुणाला तयार करून गेले होते. म्हणून गटाने काय करायचे ते गावाने ठरवावे: ग्रामपंचायत, शाळा, स्थानिक मंडळी आणि तालुक्याचे क्रीडाशिक्षक यांनी. ज्या भिंतीला गावातला रंगारी रंग देऊ शकतो तिथे ते पैसे रंगाऱ्याला द्यावेत. सामन्यांपेक्षा गावातल्या दोन मुली आणि दोन मुलगे पंच आणि प्रशिक्षक म्हणून तयार करण्यावर वेळ घालवावा, आणि पुढच्या वर्षी त्याच गावी, त्यांच्याच हाताखाली खेळायला यावे. प्रार्थना करणाऱ्याने मोकळेपणाने करावी, पण मैदानाला तिची अट जोडू नये.

एवढे पाळले तर थोड्या दिवसांचा पाहुणाही लांब मुक्कामाच्या कामात आपला वाटा उचलू शकतो. तो वाटा लहान असतो आणि लहान असण्यात काहीच कमीपणा नाही. त्याचे मोजमाप पाहुणे परतल्यावर घ्यावे, आणि ते गावाने घ्यावे.